स्टीलची भाववाढ देता, मग मजुरीची का नाही?

प्रति,
पुणे-चाकण पट्ट्यातील मोठ्या वाहन कंपन्या आणि त्यांच्या मुख्य पुरवठादारांचे खरेदीप्रमुख व मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता देशभर लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती असे चार कायदे आले आणि त्यांनी २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. त्यानंतर आम्हा व्हेंडरांना, म्हणजे छोट्या पुरवठादारांना, तुमच्याकडून एक मेल आला. मजकूर थोड्याफार फरकाने सगळ्यांना सारखाच होता: सोबतचं डिक्लरेशन लेटरहेडवर छापा, सही-शिक्का मारा आणि आम्ही नव्या संहितांचं पूर्ण पालन करतो असं लिहून द्या. मी सही करून पाठवलं. त्या कागदावर लिहिलेला शब्दन् शब्द खरा राहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि तो खरा ठेवणं निम्मं तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

भोसरीत माझं मशीन शॉप आहे. चाळीसेक माणसं, काही सीएनसी, काही व्हीएमसी (धातू कापणारी संगणकचलित मशीन), दोन शिफ्ट. तुमच्या गाड्यांत बसणारे छोटे मशीन केलेले भाग आम्ही करतो, बहुतेक जॉबवर्कवर, म्हणजे माल तुमचा आणि काम आमचं. वर्तमानपत्रांत या संहितांची चर्चा झाली ती प्रामुख्याने ३०० च्या आकड्यावर. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याची अट आधी १०० कामगारांपासून होती, ती आता ३०० पासून आहे. त्यावर बाजूने-विरोधात पुष्कळ लिहिलं गेलं. माझ्यासारख्याला त्याने काहीच फरक पडत नाही. मला तेव्हाही परवानगी लागत नव्हती आणि आताही लागत नाही. माझ्या पगारपत्रकावर परिणाम करणाऱ्या तरतुदी वेगळ्या आहेत आणि त्यांची चर्चा फारशी झालीच नाही.

पहिली म्हणजे वेतनाची व्याख्या. बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता हे वेतन. घरभाडं, प्रवासभत्ता यांसारख्या ठरावीक बाबी त्यातून वगळलेल्या आहेत. मात्र वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली, की निम्म्याच्या वरचा सगळा भाग पुन्हा वेतनात धरायचा. ऐकायला किचकट वाटतं, म्हणून एक हिशेब मांडतो.

समजा एका सेटरचा (मशीन लावून देणाऱ्या कारागिराचा) महिन्याचा एकूण पगार ३६,००० रुपये आहे. त्यात बेसिक आणि डीए मिळून १४,४०० आणि बाकीचे २१,६०० घरभाडं, प्रवास वगैरे. पीएफमधला मालकाचा वाटा बाजूला ठेवून ढोबळ धरू. निम्मे झाले १८,०००. वगळलेली रक्कम त्याहून ३,६०० ने जास्त, म्हणून ते ३,६०० वेतनात जमा. वेतन झालं १८,०००. आता हा माणूस बारा वर्षांची नोकरी करून बाहेर पडला तर त्याची ग्रॅच्युइटी जुन्या पद्धतीने १४,४०० वर, म्हणजे सुमारे ९९,७०० रुपये निघाली असती. आता ती १८,००० वर, म्हणजे सुमारे १,२४,६०० रुपये. पंचवीस हजारांचा फरक एका माणसामागे. शिवाय ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर काढतात, त्यामुळे मागची सगळी वर्षंही नव्या आकड्याने मोजली जातात. त्या वर्षांत मी जो माल पाठवला, त्याचा दर तुम्ही कधीच चुकता केलेला आहे. हे पंचवीस हजार त्या दरात कुठेही नव्हते.

पीएफबद्दल मात्र जितकी भीती घातली गेली तितकी ती खरी नाही. १५,००० च्या वैधानिक मर्यादेवरच पीएफ कापला जात असेल, तर हातात येणारा पगार नव्या व्याख्येमुळे कमी होत नाही, हे कामगार मंत्रालयाने स्पष्ट केलं आहे. आमच्या शॉपवरही पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला आणि हेच उत्तर दिल्यावर लोक शांत झाले.

दुसरी तरतूद ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची. अशा कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरं झालं की हक्क लागू होतो. वेतन १८,००० धरलं तर वर्षाला सुमारे १०,४०० रुपये, म्हणजे दरमहा वेतनाच्या पावणेपाच-पाच टक्के बाजूला काढून ठेवायलाच हवेत. मला ही तरतूद मनापासून पटते. तुमच्या शेड्यूलप्रमाणे, म्हणजे मालाच्या मागणीच्या वेळापत्रकाप्रमाणे, माणूस घ्यायचा, अकरा महिन्यांनी ब्रेक द्यायचा, परत घ्यायचा, आणि सात वर्षं असं केल्यावरही त्याच्या नावावर ग्रॅच्युइटीचा एक रुपया नाही, हे या पट्ट्यात सर्रास चालत आलं आहे. कायद्याने त्यावर बोट ठेवलं हे चांगलंच झालं. प्रश्न एवढाच आहे की हे पावणेपाच टक्के तुमच्या कॉस्ट शीटच्या, म्हणजे दराच्या हिशेबपत्रकाच्या, कोणत्या रकान्यात लिहायचे?

कारण असा रकानाच नाही. आमचा दर कसा ठरतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सायकल टाइम (एका भागाला लागणारा वेळ) गुणिले मशीन अवर रेट (मशीनचा ताशी दर), अधिक टूलिंग म्हणजे हत्यारांचा खर्च, अधिक थोडं रिजेक्शन म्हणजे नाकारला जाणारा माल, अधिक ओव्हरहेड आणि नफ्याचे ठरलेले टक्के. मजुरी त्या मशीन अवर रेटच्या पोटात असते. व्हीएमसीचा ताशी दर एकदा ठरला की तो वर्षानुवर्षं हलत नाही. हललाच तर खाली येतो, कारण दरवर्षीच्या किंमतकपातीची अट पीओमध्येच, म्हणजे खरेदी-आदेशातच, असते. स्टीलचं तसं नाही. स्टीलचा भाव बदलला की तिमाहीला किंवा सहामाहीला तुमच्याकडून पीओची अमेंडमेंट (दुरुस्ती) निघते, मागच्या तारखेपासून फरक मिळतो, भाव उतरला तर फरक कापलाही जातो. ही पद्धत न्याय्य आहे, दोन्ही बाजूंना मान्य आहे आणि ती चालवायला तुमच्याकडे माणसं आणि सॉफ्टवेअर दोन्ही आहेत. अगदी हीच पद्धत मजुरीला लावा, एवढीच माझी मुख्य मागणी आहे.

त्यासाठी नवा निर्देशांक शोधायचीही गरज नाही. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला, ग्राहक किंमत निर्देशांकानुसार बदलतो. तो सरकार जाहीर करतं, त्यात ना माझी लुडबूड चालते ना तुमची. मशीन अवर रेटमधला मजुरीचा भाग वेगळा काढा, पीओवर तो स्वतंत्र ओळीत दाखवा आणि दर सहामाहीला त्या भत्त्याच्या प्रमाणात बदला. वार्षिक किंमतकपात मागायचीच असेल तर ती सायकल टाइमवर, टूल लाइफवर, रिजेक्शनवर मागा. तिथे आम्ही डोकं लढवू, फिक्स्चर (भाग पकडायचा साचा) बदलू, दोन ऑपरेशन एका सेटिंगमध्ये बसवू. मजुरीच्या ओळीवर कपात मागितली तर ती कुणाच्या खिशातून येणार हे तुम्हाला आणि मला, दोघांनाही ठाऊक आहे.

आता पैसे मिळण्याच्या मुदतीविषयी. वेतनसंहितेच्या कलम १७ प्रमाणे माणसाने राजीनामा दिला, त्याला काढलं किंवा कपात केली, तर त्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची वेगळी मुदत आहे, पण पगाराला दोनच दिवस. आपल्या भागात 'फुल अँड फायनल' म्हणजे महिना-दीड महिना, हा रिवाज होता. लेबर कॉलनीत खोली सोडून बीडला, लातूरला किंवा बिहारला परत निघालेल्या मुलाला दीड महिना थांबायला सांगणं म्हणजे ते पैसे बुडाल्यातच जमा. कित्येकांनी ते सोडून दिलेही असतील. म्हणून दोन दिवसांची मुदत योग्यच आहे. चालू महिन्याचा पगारही पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, आणि हे बंधन आता पगार कितीही असला तरी सगळ्यांना लागू आहे.

माझे पैसे मात्र कधी येतात? माल तुमच्या गेटवर उतरतो. गेट एंट्री होते. इन्स्पेक्शनचा माणूस रजेवर असला तर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, चार दिवसांनी पडतं. काही ठिकाणी जीआरएन महिनाअखेरीला मुद्दाम अडवलं जातं, म्हणजे मुदत पुढच्या महिन्यापासून मोजता येते. मग बिल पासिंग आणि तिथून पुढे ६० किंवा ९० दिवस. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या विकासाचा एमएसएमईडी कायदा, २००६ चं कलम १५ सांगतं की लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाही. ही मुदत जीआरएनच्या तारखेपासून मोजायची नसते. १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच स्वीकाराचा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आणली, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरायचा नाही. एवढं सगळं कागदावर आहे. पण ज्या कंपनीकडून शॉपचं साठ टक्के काम येतं तिच्याकडे चक्रवाढ व्याज मागणारा व्हेंडर मी आजवर पाहिलेला नाही. सरकारच्या पोर्टलवर थकलेल्या पैशांची तक्रार टाकायची म्हणजे पुढच्या शेड्यूलमधून नाव गेलं, असंच प्रत्येक जण धरून चालतो.

ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेचा, पर्याय आहे हे मान्य. बिल तिथे चढवलं की बँक पैसे लवकर देते. पण डिस्काउंटिंगचा, म्हणजे लवकर पैसे देण्याबद्दल बँक कापते त्या रकमेचा, खर्च बहुतेक वेळा आमच्याच माथी येतो. म्हणजे पैसे उशिरा तुम्ही देणार आणि त्याचं व्याज आम्ही भरणार. तो खर्च तुम्ही उचला. तुमचं पतमानांकन आमच्यापेक्षा कितीतरी वरचं आहे, तुम्हाला तो स्वस्त पडेल.

या दोन मुदती शेजारी ठेवून पाहा. मी दोन दिवसांत देणं लागतो, मला नव्वद दिवसांनी मिळतं. मधली पोकळी आज बँकेच्या कॅश क्रेडिट (सीसी) कर्जाने भरली जाते, ते संपलं की घरातलं सोनं बँकेत जातं. आणि कायद्यात चूक माझीच धरली जाते. कमी वेतन दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा तीच चूक झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ती शिक्षा असावीच, कामगाराचा घामाचा पैसा अडवणाऱ्याला सूट नको. पण ज्याने ९० दिवस माझा पैसा अडवला तो या साखळीत कुठेच दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मनुष्यबळ विभागप्रमुखांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुमच्या लाइनवर, गोदामात, हाउसकीपिंगला कंत्राटी माणसं आहेत. त्यांचं टेंडर निघतं आणि एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला, जातं. किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगार आरोग्य विमा), बोनस, रजा हे सगळे आकडे ठरलेले असल्यावर बोली कमी होणार ती कशात? सर्व्हिस चार्जमध्ये. दोन-तीन टक्क्यांवर, कधी त्याहून कमीवर टेंडर गेलं, की त्यात गणवेश, सुपरवायझर, जीएसटीचा अडकलेला पैसा आणि तुमचं साठ दिवसांचं क्रेडिट कसं बसतं, हे कागदावर मांडून बघा. नाही बसत. मग कंत्राटदार बसवतो ते कामगाराच्या पासबुकातून: पगार खात्यावर टाकायचा आणि त्यातला काही भाग रोखीने परत घ्यायचा. हे कुठे ना कुठे चालतं, हे तुमच्या प्लांट एचआरलाही माहीत असतं.

नव्या संहितेत कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ते मुख्य मालकाने द्यायचं आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचं, अशी तरतूद आहे. कँटीन, विश्रांतीची जागा, स्वच्छतागृह या सोयींची जबाबदारीही मुख्य मालकाची. आणि आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, तरीही नियम तोच. तेव्हा कमी बोलीचा फायदा खरेदी विभागाच्या वार्षिक बचतीत दिसेल, पण उद्या वेतन थकलं तर ते बिल तुमच्याच दारात येईल. सर्व्हिस चार्जला किमान मर्यादा घाला. वैधानिक देणी टेंडरच्या स्पर्धेबाहेर ठेवा. पगार खात्यावर गेल्याचा पुरावा मागताना चार कामगारांशी कंत्राटदाराच्या गैरहजेरीत बोला. हे एकाच प्लांटने सुरू केलं तरी आजूबाजूच्यांना करावं लागेल, कारण माणसं तिकडेच ओढली जातील.

रात्रपाळीचंही सांगायला हवं. आता महिलांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था करून संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी कामावर घेता येतं. आयटीआय आणि डिप्लोमा केलेल्या मुली मशीनवर उत्तम काम करतात. माझ्या शॉपवर इन्स्पेक्शनला दोघी आहेत. मायक्रोमीटर हातात आला की त्यांच्या नजरेतून एक बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा कंगोरा, सुटत नाही. दुसऱ्या शिफ्टला त्या यायला तयार आहेत. अडतं ते घरी सोडण्यावर. चाळीस माणसांच्या शॉपला दोघींसाठी रात्री साडेबाराला गाडी, चालक आणि सोबत रक्षक ठेवणं परवडत नाही. तुमच्या बसेस त्याच रस्त्याने, मोशी-भोसरी-निगडी करत, त्याच वेळेला निम्म्या रिकाम्या जातात. इंडस्ट्रियल असोसिएशनमार्फत करार करून व्हेंडरांच्या महिला कर्मचाऱ्यांना त्या बसमध्ये जागा द्या. भाडं आम्ही भरू. वार्षिक आरोग्य तपासणीचंही असंच करता येईल. तुमच्या प्लांटला तपासणीची व्हॅन येते तेव्हा एक दिवस आमच्या ब्लॉकला पाठवा, माणशी दर दोघांनाही कमी पडेल. पन्नासहून अधिक कर्मचारी असले की पाळणाघर लागतं. मी त्या आकड्याच्या आत आहे, माझे शेजारी नाहीत. तीन-चार कारखान्यांना मिळून एक पाळणाघर चालवता येतं, त्याला एक खोली तुमच्या आवारातली मिळाली तर आणखी काय हवं.

कामाच्या तासांबद्दल एक विनंती आधीच करून ठेवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून. कृपा करून आमचं शेड्यूल या बारा तासांवर बेतू नका. बारा तास उभा राहिलेला ऑपरेटर शेवटच्या दोन तासांत ऑफसेट (मशीनमध्ये भरायचं माप) चुकतो, बोट गमावतो. आठवड्यात चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुट्टी असं खरंच होत असेल तर विचार करू. पण महिनाअखेरीला तुमचा फोन येतो तेव्हा कुणी चार दिवसांवर थांबत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा आहे आणि आम्ही तो देऊ. घाईच्या ऑर्डरला त्या दुपटीइतका जादा दर पीओवर लिहा. सध्या घाई तुमची, ओव्हरटाइम आमचा आणि माल उशिरा गेला तर डेबिट नोटही, म्हणजे बिलातली वजावटही, आम्हालाच, असं चाललं आहे.

शेड्यूल पडतं तेव्हाचंही तसंच. एखादं मॉडेल बंद झालं की आम्हाला एक मेल येतो आणि पुढच्या महिन्यापासून त्या पार्टची संख्या शून्य. माझ्याकडे त्या पार्टवर सहा माणसं असतात. कपात करायची तर एक महिन्याची नोटीस, दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई, आणि आता त्यावर पुनर्कौशल्य निधीत प्रत्येकामागे १५ दिवसांचं वेतन जमा करायचं. हा निधी मला चांगला वाटतो, कामावरून गेलेल्या माणसाच्या हातात तेवढीच मदत राहते. मात्र मॉडेल बंद करण्याचा निर्णय तुमच्याकडे वर्षभर आधी झालेला असतो. तो आम्हाला सहा महिने आधी कळवला, तर मी त्या सहा जणांना दुसऱ्या मशीनवर शिकवून घेईन आणि एकालाही घरी पाठवायची वेळ येणार नाही. कळवता येत नसेल, तर त्या सहा जणांच्या भरपाईत तुमचा वाटा असावा.

माझ्यासारखे मालकही सगळे स्वच्छ आहेत असा माझा दावा नाही. नेमणूकपत्र द्यायला काही खर्च येत नाही, तरी ते न देणारे आहेत. कायम कामगाराला वर्षानुवर्षं 'ट्रेनी' म्हणणारे आहेत. अशांना ऑर्डर देऊ नका, खुशाल नाव काढून टाका. फक्त त्यांचा दर माझ्यासमोर ठेवून 'हा एवढ्यात करतो, तुम्हाला का परवडत नाही' असं विचारू नका. तो कसा करतो हे तुमच्या ऑडिटरनेच तुमच्यापुढे मांडायला हवं.

जानेवारी-जुलैच्या विशेष भत्त्याशी दर जोडण्याचा प्रस्ताव मी तक्त्यासह लिहून ठेवला आहे. सध्याचा मशीन अवर रेट, त्यातली मजुरी, नव्या व्याख्येने वाढलेली ग्रॅच्युइटी आणि रजेचा बोजा, सगळं वेगळं काढून दाखवलं आहे. माझी पगारपत्रकं आणि बँकेची पासबुकंही तुमच्या कॉस्टिंगच्या माणसाला बसून तपासता येतील. पुढच्या व्हेंडर मीटच्या विषयपत्रिकेवर 'मजुरी' हा एक विषय घाला आणि अर्धा तास द्या. क्वालिटी आणि डिलिव्हरीच्या आधीचा अर्धा तास मिळाला तर बरं, कारण त्या दोन विषयांनंतर सभागृहात फारसं कुणी उरत नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक, भोसरी एमआयडीसी